शुक्रवारची मसूर

“आज वार कोणता गं?” कोठडीतल्या पेकीसिसने बायकोला विचारलं.

“गुरुवार,” ताउरिस म्हणाली आणि मसुरीच्या गाडग्यावरचं फडकं सोडू लागली.

वार शुक्रवार होता. नाईलकाठच्या आमच्या गावात आम्ही ख्रिस्ताची माणसं बुधवार-शुक्रवारी दिवस कलेपर्यंत तोंडात काही घालत नसू, आणि पेकीसिस तर उपासाच्या बाबतीत भारीच हट्टी. बादशहाच्या देवांपुढे चिमूटभर धूप टाक आणि घरी जा, असं अधिकाऱ्याने समजावून पाहिलं, तरी हा रंगारी नुसता नकाराची मान हलवत राहिला. आता भर दुपारी त्याला वेशीबाहेर नेऊन मारणार होते. म्हणजे उपास सुटायच्या आत. नवऱ्याने उपाशीपोटी जावं, हे ताउरिसच्या काही केल्या गळी उतरेना. कोठडीच्या अंधारात राहून त्याला वारांचं भान उरलं नसेल, असं धरून तिने मसूर शिजवली. खोटं बोलल्याचं पाप लागलं तर लागो, असं तिने मला वाटेत बजावलं. मी तिची शेजारीण, तिच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती. पहारेकऱ्याने तिला कोठडीत सोडलं आणि मी दाराशी थांबले.

पेकीसिसने रोटीचा तुकडा मोडला, मसुरीत बुडवला आणि तिच्यापुढे धरला.

“आधी तू घे. मला एकट्याला जात नाही.”

ताउरिसचा चेहरा उतरला. लग्न झाल्यापासून तिने एकही शुक्रवार मोडला नव्हता. नको म्हणावं, तर खोटं उघडं पडणार. तिने डोळे मिटून तुकडा तोंडात घातला. मग त्यानेही खाल्लं, अगदी बोटं चाटून, वर मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरलाही. दाराशी मला हसूही आलं आणि रडूही.

शिपाई न्यायला आले. पेकीसिस उठला. तिच्या हनुवटीला मसूर लागली होती, ती त्याने आपल्या रंगाने निळ्या पडलेल्या अंगठ्याने पुसली.

“तोंड नीट पूस गं,” तो हळूच म्हणाला. “बाहेर आपली माणसं उपाशी उभी आहेत.”

ताउरिस त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने डोक्यावरच्या वस्त्राच्या टोकाने तोंड पुसलं, आणि त्या उपाशी माणसांमधून, मान खाली न घालता, ती त्याच्या मागून चालत गेली.