दोघींनी उचलायचा पंखा

दातांचा दवाखाना रविवारी बंद असे, म्हणून कार्पेट सुकवायच्या पंख्यांची परीक्षा तिथेच घ्यायची असं ताईने ठरवलं. दुकानदाराने दोन पंखे एक दिवस वापरून बघायला दिले होते. एक हलका, गोल, प्लास्टिकचा. दुसरा लोखंडी अंगाचा, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला, सपाट तोंडातून जमिनीलगत वारा फेकणारा. दुकानदार दोन्हींची सारखीच स्तुती करत होता, त्यामुळे त्याला विचारून काही उपयोग नव्हता.

कार्पेट धुणं सोपं, सुकवणं अवघड. गरम पाणी मारून मशीनने कितीही ओढून घेतलं तरी तळाशी ओल उरतेच. वरचे धागे आधी सुकतात आणि माणूस फसतो. मग रात्रभरात ती ओल खालून वर चढते, येताना मळ घेऊन येते आणि सकाळी पिवळे डाग दिसतात. शिवाय वास येतो तो वेगळाच. गेल्या वेळी याच दवाखान्यात तसं झालं होतं. "अजून एकदा बघू हं," असं डॉक्टरीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या. ओरडल्या असत्या तर ताईला इतकं लागलं नसतं.

कार्पेट धुऊन झाल्यावर ताईने आणि धाकट्या बहिणीने बाहेरच्या बसायच्या खोलीत जड पंखा लावला, आतल्या खोलीत हलका, आणि दोघी जिन्यात येऊन बसल्या. जिना अरुंद होता, लिफ्ट नव्हती. जड पंखा वर आणताना ताईचा दुखरा खांदा दोनदा आखडला होता.

"एकटीला नसता झेपला हा," ताई म्हणाली.

"हलका झेपेल ना?"

"तो काय, डब्यासारखा हातात धरून नेईन. पण सुकवायला हवा ना. दिसायला चिकणा आणि कामाला शून्य, असं नको. तुझ्या त्या पहिल्या स्थळासारखं."

"ते तूच आणलं होतंस."

"म्हणून तर सांगते. अनुभव आहे."

धाकटी हसली, पण तिचं लक्ष फोनकडे होतं. दुसऱ्या शहरातल्या एका बुकबाइंडरने तिला कामावर घेतलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं आणि होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा. बसून करायचं काम, कागद, दोरा, खळ. ओले मोजे नाहीत, पाण्याचे पाइप नाहीत. ताईला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं, त्यामुळे "मी जाते" हे तिच्याने म्हणवत नव्हतं.

तिने मनात एक हिशेब मांडला होता. ताईने हलका पंखा घेतला, तर ताई एकटी काम करू शकेल. जड घेतला, तर दुसरी बाजू धरायला कुणीतरी हवं. माणूस ठेवायला ताई तयार नव्हती. एकदा ठेवलेल्या गड्याने एका घरात पियानो ओढून लाकडी जमिनीवर चरे पाडले होते, तेव्हापासून परक्या माणसाचं नाव काढलेलं तिला खपत नसे.

"चल, बघ," ताई उठली.

बघायचं काम धाकटीचंच असे. गरम नळी धरून धरून ताईच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. तिला गरम कळे, ओलं कळत नसे. धाकटी मात्र बोटांची मागची बाजू धाग्यांत खुपसून तळापर्यंतचं सांगे.

बाहेरच्या खोलीत ती गुडघ्यांवर बसली. धागे कोरडे, तळही कोरडा. जड पंख्याने आपलं काम चोख केलं होतं. मग ती आत गेली. वरचे धागे कुरकुरीत होते, पण बोटं आत जाताच गारवा लागला. भिंतीच्या कडेला तर सरळ ओल होती.

"काय?" दारातून ताईने विचारलं.

"सुकलंय."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

ताईचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं बाई. खांदा वाचला. आता तू गाडीत राणीसारखी बस, मी पंखा नेते." तिने दुकानदाराला लावायला फोन काढला.

धाकटी तशीच बसून राहिली. उद्या सकाळी इथे डाग उठणार आणि ताई डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहून काय चुकलं ते शोधत राहणार. पुढच्या घरातही तेच. हलका पंखा घेऊन ताई एकटी फिरेल, आणि एकेक गिऱ्हाईक सुटत जाईल. इथून निघण्याची एकच वाट होती, आणि ती ही ओल लपवण्यातून जात होती.

"थांब ताई. ओलं आहे."

"आत्ता तर सुकलं म्हणालीस."

"चुकलं."

"तुझा हात चुकत नाही."

"हात नाही चुकला." धाकटीने श्वास घेतला. "मला तुझ्याशी बोलायचंय."

ताईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बाहेर जाऊन ती जड पंखा ओढत आत घेऊन आली, कडेला लावला आणि बटण दाबलं. खोलीभर घरघर सुरू झाली.

"काय म्हणतेस?" कानामागे हात धरून ताई ओरडली. "ऐकू येत नाही!"

जे ऐकायचं नसे ते ताई नेहमी मशीन चालू करून ऐकत असे. पूर्वीही दोनदा तसं झालं होतं, आणि दोन्ही वेळा धाकटीने "काही नाही" म्हणून विषय सोडला होता. आता ती भिंतीला टेकून उभी राहिली. कड सुकेपर्यंत दोघी त्या घोंघाटात एकमेकींकडे न बघता थांबल्या.

हलका पंखा आधी गाडीत ठेवून झाल्यावर जड पंखा खाली न्यायची वेळ आली. ताई वरच्या बाजूला, धाकटी खालच्या. जिन्याच्या वळणावर पंख्याचं तोंड कठड्यात अडकलं. वजन धाकटीच्या छातीवर आलं, तिची पाठ भिंतीला लागली. वर ढकलता येईना, खाली उतरता येईना. ताईचेही दोन्ही हात गुंतलेले, आणि इथे दाबायला बटण नव्हतं.

"एक तारखेपासून मी येणार नाही," धाकटी म्हणाली. "पुस्तकं बांधायचं काम मिळालंय. लांब आहे. तिथेच राहावं लागेल."

"आधी हे खाली ने."

"नेते. पण ऐकलंस का?"

"बहिरी नाही मी." ताईचा श्वास जोरात चालला होता. "म्हणून सुकलं म्हणालीस होय."

"हो."

"मला एकटीला उचलता यावं म्हणून."

"हो."

ताईने पंखा जरा तिरका केला. तोंड सुटलं. उरलेला जिना दोघी उतरल्या. पंखा गाडीत चढवून ताईने दार लावलं आणि त्याला टेकून खांदा चोळत राहिली.

"जडच घ्यायचा," ती म्हणाली. "त्या बाईसमोर पुन्हा मान खाली घालायची नाही मला."

"मग माणूस ठेव."

"ठेवीन. पण त्याला शिकवायचं तू. मी शिकवायला गेले की ओरडते, दुसऱ्या दिवशी पळून जाईल तो." तिने गाडीची किल्ली काढली. "तो तयार झाला की मग जा."

"आणि एक तारखेपर्यंत नाही झाला तर?"

ताई पुढे जाऊन बसली आणि तिने इंजिन चालू केलं. धाकटी गाडीबाहेर उभी राहिली. फोन काढून तिने 'येते' असं लिहिलं आणि पाठवूनही दिलं. मग दार उघडून ती ताईशेजारी बसली, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "एक तारीख, ताई."

ताईने गाडी रस्त्यावर घेतली. तिने ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.