चौकातल्या फलकाचा कबुलीजबाब

मी चौकातला एक जुना लोखंडी फलक आहे. होर्डिंग म्हणून हाक मारलीत तरी ओ देईन. दोन उंच पाय, त्यांवर पट्ट्यांची चौकट आणि पाठीमागे चढायला एक शिडी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं. जो येईल त्याचं म्हणणं मी तोंडावर लावून घेतो. आज मात्र माझंच थोडं सांगायचं आहे, तेव्हा दोन मिनिटं मान वर करा.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. हा वेल्डर कामाला चोख आणि तोंडाचा फटकळ होता. मला उभं करताना तो म्हणाला, "हा वाकला तर मला जाब विचारा, गंजला तर स्वतःला विचारा." मग नगरपालिकेचा माणूस आला. त्यानं माझे बोल्ट ठोकून पाहिले, उंची मोजली आणि डाव्या पायावर एक पत्रा ठोकला. त्यावर 'नगरपालिका मान्यताप्राप्त' असं लिहिलेलं होतं, खाली माझा क्रमांक. मला त्या पत्र्याचा भारी अभिमान वाटे. ही मान्यता नेमकी कशाची, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. तेव्हा माझ्यावर हातानं रंगवत. एक म्हातारा रंगारी साबणाचा फेस असा काढायचा, की खालून जाणाऱ्याला आपली अंघोळ राहिल्याची आठवण व्हावी. लोक पत्ता सांगताना मला मध्ये घालत, "त्या मोठ्या बोर्डापासून उजवीकडे वळा." पुढे छापील फ्लेक्स आले आणि रंगारी यायचा बंद झाला. माझा रंग उडाला, एका कोपऱ्यात कावळ्यानं घरटं बांधलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. रडगाणं गात नाही, झालं ते सांगतोय.

माझ्या डाव्या पायाला लागून घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खिडकी आणि तिच्यामागे एक माणूस. सगळे त्यांना काका म्हणत. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या पोटातले बारीक स्क्रू काढत बसत. गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणत, "घाई असेल तर घड्याळ बघा आणि निघा." घड्याळ त्यांच्याच पुढ्यात उघडं पडलेलं असे. गिऱ्हाईक मुकाट्यानं उभं राही.

एका वर्षी काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी रोज घालायचे थेंब दिले आणि बजावलं, की या आजारात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, एक दिवसही चुकवू नका. हे मला ठाऊक आहे, कारण काका ते सगळ्या चौकाला सांगत. थेंब झोंबायचे आणि काका वैतागायचे.

त्याच सुमाराला माझ्यावर नवा फ्लेक्स चढला. सुईत दोरा ओवणारी एक हसरी म्हातारी, आणि शेजारी हातभर अक्षरं: 'मोतीबिंदू, काचबिंदू विसरा! आमचे थेंब घाला, एकवीस दिवसांत नवी नजर!' खाली मोठा फोन नंबर. त्याच्याही खाली मुंगीएवढी एक ओळ होती, की गुण येईलच याची हमी नाही. ती वाचायची तर शिडीवर चढूनच वाचावी लागली असती.

काकांनी दोन दिवस मान वर करकरून ते वाचलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या न्हाव्याला म्हणाले, "मागवून बघतो."

"अहो, वर लिहिलंय म्हणून खरं कशावरून?" न्हावी म्हणाला.

काकांनी माझ्या पायावरच्या पत्र्यावर टिचकी मारली. "हे वाच. मान्यताप्राप्त. नगरपालिकेनं काय डोळे मिटून मान्यता दिली?"

मित्रांनो, तो पत्रा माझ्या लोखंडासाठी होता. थेंबांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण मी बोलणार कसा? मला तोंड आहे, तेही भाड्यानं दिलेलं.

काकांनी डॉक्टरांचे थेंब बंद केले आणि हे नवे सुरू केले. झोंबत नाहीत म्हणून खूश होते. चार महिन्यांनी डावीकडे ठेवलेले स्क्रू त्यांना सापडेनासे झाले. त्यांची मुलगी औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासायची. एकदा डबा द्यायला आली आणि ती बाटली तिच्या हाती लागली. बनवणाऱ्याचं नाव नाही, औषधाचंही नाही.

"बाबा, हे काय घालताय?"

"डोळ्यांत घालतोय, कानात नाही," काका म्हणाले. पण ती हसली नाही. तिनं तिथल्या तिथे खिडकी बंद करवली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजवा जुन्या थेंबांनी टिकण्यासारखा होता.

मग ती नगरपालिकेत गेली. पहिल्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "आम्ही खांब बघतो, मजकूर नाही." ती हलली नाही. शेवटी आतल्या खोलीतल्या अधिकारी बाईंनी तिला बसवलं. "फसव्या जाहिरातीची तक्रार आम्ही घेतो. पण कुणी करतच नाही हो. फोटो आणा, फलकाचा क्रमांक आणा, आणि जो फसलाय त्याचा सहीनिशी जबाब आणा. तो असला की मला हात उचलता येतो."

घोडं सहीवर अडलं.

"मी सही करू?" काका म्हणाले. "सगळ्या चौकाला ठणकावून सांगितलंय मी, की ते खरं आहे. आता सरकारी कागदावर लिहून देऊ, की मी मूर्ख ठरलो?"

"फसवलं त्यानं आणि लाज तुम्हाला?"

"मलाच. त्याला असती तर बोर्ड लावला असता का?"

मुलगी कागद ठेवून निघून गेली. तो अकरा दिवस स्क्रूंच्या ताटलीखाली पडून होता. काका दुकानात येत आणि मान खाली घालून बसत.

बाराव्या दिवशी गणवेशातला एक बसड्रायव्हर खिडकीशी आला. "काका, वरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे सांगता का? मला जरा पुसट दिसतात. आमची डोळ्यांची तपासणी जवळ आलीय, त्याच्या आत काहीतरी करायला हवं."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "तो नंबर घेऊ नका."

"का हो?"

काकांनी उजवा डोळा तळव्यानं झाकला. "आता तुम्ही मला दिसत नाही. चार महिन्यांपूर्वी या डोळ्यानं दिसला असता. मी फसलो, अगदी ठार फसलो. तुम्ही खऱ्या डॉक्टरकडे जा. आणि तोवर बस चालवू नका, हात जोडतो."

न्हाव्याची कात्री थांबली होती. अर्ध्या चौकानं ऐकलं असेल. काकांनी ताटलीखालचा कागद ओढला आणि सही केली. सही ओळ सोडून खाली गेली. मग ते माझ्या पायाशी आले आणि पत्र्यावरचा क्रमांक बोट फिरवत फिरवत उतरवून घेतला. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आठवड्याभरानं नगरपालिकेची माणसं आली, माझ्या शिडीवरून चढली आणि त्यांनी फ्लेक्स टराटरा फाडला. शहरातले तसले आणखी पाच उतरवले, असं न्हावी सांगतो. न्हाव्याचं निम्मं धरा. काकांचा उजवा डोळा टिकला आहे, पण आता ते फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं घेतात.

मित्रांनो, माझ्यावर काय लागावं हे मला ठरवता येत नाही, आणि लागलेलं झटकूनही टाकता येत नाही. ते तुम्हाला येतं. फसवणारं काही दिसलं, कुणाची अब्रू घेणारं दिसलं, तर फोटो काढा, माझ्या पायावरचा क्रमांक घ्या आणि सरळ तक्रार करा. स्वतः फसला असाल तर लाजत बसू नका. काका अकरा दिवस लाजले. त्या अकरा दिवसांत कितीतरी माणसांनी माझ्याकडे बघून तो फोन नंबर लिहून घेतला. त्यांच्या डोळ्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.