कंदिलावरची वर्षं

बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना आपल्या तोंडात काय चाललंय याची शुद्ध नसते. मलेशियातल्या इपोहच्या जुन्या बाजारात, कॉफीच्या दुकानाबाहेरच्या ओसरीवर फूंग आणि ढेऱ्या तांग रोज दुपारी चिनी बुद्धिबळाचा पट मांडून बसत. एकदा तोफा पुढे सरकल्या की दोघांना जग बुडालं तरी पत्ता लागत नसे. म्हणून पटाच्या कडेला उकडलेल्या शेंगांची बशी कुठून येते, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. तांगला वाटे, दुकानवाल्याने पाठवली. फूंगला वाटे, तांगने मागवली. आणि तांगसारखा चिक्कू मागवतोय, तर आपण गप खाऊन घ्यावं.

त्या दुपारी बशीशेजारी गुलाबी सशाचं चित्र असलेली शाळेची पाण्याची बाटली होती. तांगने नजर पटावरच ठेवून घोट घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले.

"आयला! ही तर घरची तांदळाची दारू!"

तेव्हा कुठे दोघांनी मान वर केली. खांबाला टेकून सहाएक वर्षांची एक मुलगी उभी होती. शाळेचा गणवेश, एक मोजा घसरलेला, हात मागे बांधलेले.

"कुणाची गं तू?" फूंग खेकसला.

"का-मुन. थाम आजीची. खाल्लंत ना तुम्ही?"

"खाल्लं."

"प्यायलात पण?"

"हा प्यायला," फूंगने तांगकडे बोट केलं.

"मग आता लिहा," असं म्हणून तिने दप्तरातून एक पुस्तक काढलं आणि थेट पटावर ठेवलं. तांगचा रथ आणि दोन प्यादी खाली घरंगळली. जिंकत आलेला डाव मोडल्यावर तांग जेवढा ओरडला, तेवढा तो स्वतःच्या लग्नातही ओरडला नसेल.

पुस्तक यिप बाईंच्या बालवाडीतलं होतं. यिप बाई पोरांना जुन्या गोष्टींतून हिशेब शिकवत. डाव्या पानावर गोष्ट आपल्या घरच्या चिनी बोलीत, उजव्या पानावर तीच इंग्रजीत, आणि खाली चित्रातल्या वस्तू मोजून करायची गणितं. गावातली पोरं शाळेत जाऊन मँडरिन बोलू लागतात आणि घरी आजीशी बोलायला त्यांच्याकडे शब्द उरत नाहीत, म्हणून बाईंनी हा उद्योग मांडला होता.

"डावं पान पोपो वाचते, उजवं मी वाचते," का-मुन म्हणाली. पोपो म्हणजे तिच्या आईची आई. "आणि बेरीज आम्ही दोघी मिळून करतो."

मग तिने गोष्ट सांगितली. एका मुलाच्या नशिबात एकोणीसच वर्षं लिहिलेली होती. डोंगरावर दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत बसायचे. मुलगा मांस आणि दारू घेऊन गेला, त्यांच्याजवळ ठेवली आणि एक शब्द बोलला नाही. म्हाताऱ्यांनी खेळाच्या नादात सगळं फस्त केलं. खाल्ल्यावर करतात काय? खाल्ल्या अन्नाला जागावं लागतं. एकाने ब्रश उचलला. आपल्या अक्षरांत एकोणीस लिहायचं म्हणजे 'दहा-नऊ'. त्याने दोन अक्षरं उलटी केली, झालं 'नऊ-दहा', म्हणजे नव्वद.

"छान," तांग म्हणाला. "पण आम्ही ते म्हातारे नाही, बाळ."

"हे आहेत." तिने फूंगकडे पाहिलं. "हे लोकांची वर्षं लिहितात. मी पाहिलंय, दुकानाच्या काचेतून."

तांगने एकदम बाटली खाली ठेवली.

फूंग लोकांची वर्षं लिहीत असे, हे खरंच होतं. कागदी सामानाच्या दुकानात मेलेल्यांसाठी जाळायची कागदाची घरं, कागदाचे कपडे, कागदाचे जोडे विकत, आणि मागच्या बाजूला बसून फूंग अंत्यविधीचे पांढरे कंदील रंगवी. एका बाजूला निळ्या शाईत आडनाव, दुसऱ्या बाजूला वय. त्यामुळे बायका त्याला पाहून रस्ता बदलत आणि पोरांना त्याच्या सावलीतून ओढून नेत. का-मुनला तसं ओढणारी एकच होती, तिची पोपो, आणि ती सध्या इस्पितळात होती. आई सिंगापूरला नोकरीला. शेजारीण काय ते दोन घास घाले.

"पोपोचं वय बहात्तर," ती म्हणाली. "बायका म्हणाल्या, बहात्तर म्हणजे भरलं आयुष्य. पण तुम्ही उलटं करू नका हं! उलटं केलं की सत्तावीस होतात. मी करून बघितलं. मग पोपो माझ्या आईपेक्षा लहान होईल."

तांग हसायला गेला आणि त्याला ठसका लागला.

"तुम्ही फक्त मिळवा. दहा मिळवा. दहाच्या पुढचं मला अजून नीट येत नाही."

फूंगला शेंगांची चव अजून जिभेवर जाणवत होती. उभ्या जन्मात त्याच्याकडे कुणी आयुष्य मागायला आलं नव्हतं. माणसं यायची ती आयुष्य संपल्यावर, नाक पुसत, घाई करत. या पोरीला सरळ सांगायला हवं होतं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "बघतो."

मोठ्या माणसांच्या 'बघतो'चा अर्थ पोरांना फार उशिरा कळतो. का-मुन मोजा वर ओढून उड्या मारत गेली.

"कधीपासून देव झालास रे?" तांग म्हणाला. "शेंगा खाऊन?"

"मी कुठे खोटं बोललो? बघतो म्हणालो."

"तेच. खाल्ल्या शेंगांना तरी जाग, फूंग. खरं सांग तिला."

दुसऱ्या दिवशी सांगायचं असं फूंगने पक्कं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी ती मिठात भाजलेल्या कोंबडीची तंगडी घेऊन आली. शेजारणीने तिला जेवायला डब्यात दिलेली. फूंगने बशी सरकवली, तर तिचा चेहरा पडला. "खा ना. नाहीतर कमी पडेल." तो खाऊ लागला. ती समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या दिवशीही त्याने काही सांगितलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी दुकानाच्या मालकाने आतून हाक दिली, "फूंग, कंदिलांची जोडी. थाम. बाई. बहात्तर."

फूंगने शाई घोटली. आडनाव लिहिलं. कंदील फिरवला आणि त्याचा हात थांबला.

गेलेल्या माणसाच्या वयात तीन वर्षं मिळवून लिहायची, ही आपल्याकडची रीत. एक आकाशाचं, एक धरतीचं, एक माणसांचं. भाजीत मीठ टाकावं तसा तो आजवर न विचार करता तीन टाकत आला होता. आज मात्र वाटलं, दहाच का टाकू नयेत? कोण विचारतंय? पण उद्या म्हातारीची मुलगी सिंगापूरहून येईल, दारात खोटं वय बघेल. आणि म्हातारीला परलोकात तरी तिच्या हक्काच्या वयाने जाऊ द्यायला हवं. फूंगला स्वतःची विलक्षण लाज वाटली. दहा द्यायला त्याच्याकडे कधीच नव्हते, आणि हे सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती.

त्याने लिहिलं, सात-दहा-पाच, म्हणजे पंच्याहत्तर.

कंदील लिहिणारा मयताच्या घरी जात नाही, पोऱ्या जातो. त्या दिवशी फूंग स्वतः गेला. त्याने कंदील दाराच्या दोन्ही बाजूंना टांगले. आत उदबत्त्यांचा धूर, गुडघ्यांवर बसलेली का-मुनची आई, भिक्षूचा एकसुरी आवाज. का-मुन उंबऱ्याशी उभी होती, अंगात ढगळ काळा सदरा, हातात टोपली. येणाऱ्यांना अशुभ टळावं म्हणून लाल दोरा आणि गोड गोळी द्यायचं काम तिला दिलं होतं.

तिने कंदिलाकडे पाहिलं. ओठ हलले. मग टोपली काखेला लावून तिने बोटं काढली.

"सात-दहा तर तेच आहेत," ती हळूच म्हणाली. "पाचातून दोन गेले, राहिले तीन." तिने वर पाहिलं. "तीनच दिले?"

फूंग कंदिलाची दोरी उगाच नीट करू लागला.

"कमी पडलं का? मी शेवटच्या दिवशी काही आणलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी डबाच दिला नव्हता. म्हणून?"

तेव्हा फूंग दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता तिच्यासमोर खाली बसला.

"काही कमी पडलं नाही. ऐक नीट. तू डबे भरभरून आणले असतेस तरी मला एक दिवससुद्धा वाढवता आला नसता. मी आयुष्य लिहीत नाही गं. संपल्यावर किती होतं, तेवढं लिहितो. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी भ्यालो."

"मग हे तीन कुणाचे?"

"सगळ्यांनाच देतात. एक आकाश देतं, एक धरती देते. आणि एक आपण, मागे राहिलेली माणसं."

"जगायला?"

"नाही. बरोबर न्यायला."

ती पुन्हा कंदिलाकडे वळली. फूंगला वाटलं, ती रडेल, नाहीतर त्याला ढकलून देईल. त्याला ते चाललं असतं.

"मग त्यातलं एक माझं," ती म्हणाली.

"तुझं."

तिने होकारार्थी मान डोलावली. मग टोपलीत हात घालून एक गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "आता मी काही मागत नाहीये."

रीत अशी की ती गोळी घरी पोचायच्या आत संपवायची. फूंगने तिथेच, तिच्या देखत, कागद सोडून ती तोंडात टाकली.