धोंडुबाईचा दुसरा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे, खुब्याचा. तुमच्यापैकी कोणीही मला पाहिलेले नाही, पण माझे काम रोज पाहिले असेल. पोलादाचा दांडा, त्याच्या टोकाला बोराएवढा गुळगुळीत गोळा आणि तो गोळा ज्यात फिरतो ती प्लास्टिकची वाटी, एवढाच माझा संसार. गेली आठ वर्षे मी वडूजजवळच्या धोंडुबाईच्या डाव्या खुब्यात राहतो.

माझ्या आधी तिथे दुसरा कोणी राहत होता. मेंढरांमागे जाताना डगरीवरून घसरून धोंडुबाईच्या मांडीच्या हाडाची मान मोडली, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी धातूचा एक गोळा बसवला होता. दर वर्षी येऊन हाडाचा फोटो काढून जा, असे त्यांनी बजावले. पण घरात एक समज होता : बरे असताना दवाखान्याची पायरी चढली की आजार मागे लागतो. धोंडुबाई पाच वर्षे मेंढरांमागे हिंडली. दुखत नव्हते, म्हणून गेली नाही. त्या पाच वर्षांत गोळा ढिला झाला आणि हलता हलता त्याने कमरेचे हाड आतून पोखरले.

ती लंगडत मिरजेला आली ते १९७१ साल होते. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.

"आवं डाक्टर, येवढी वर्सं दुकलं तर न्हाई!" तिचा नवरा सिद्धू म्हणाला.

"हाड झिजताना बोंब मारत नाही, सिद्धूबा," डॉक्टर म्हणाले. "आता हा दुसरा सांधा. तिसऱ्यांदा बसवायला हाड उरणार नाही. हा गेला, तर बाईंचं चालणं संपलं."

तो दुसरा सांधा म्हणजे मी. मला टेकायला जागाच नव्हती. डॉक्टरांनी धोंडुबाईच्याच कमरेच्या कडेचे हाड काढले, त्याचे तुकडे त्या खड्ड्यात ठासून भरले आणि वर माझी वाटी पक्की केली. गवंडी चिपा बसवतो तसे त्यांचे हात चालत होते. अशी सबुरी मी पुन्हा पाहिली नाही.

पाहिली, चुकलो! ती धोंडुबाईत पाहिली. तिने तीन महिने कुबड्या सोडल्या नाहीत. पुढे उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही. जिचा सारा जन्म भुईवर गेला, तिला हे सांगणे सोपे. पाळणे किती अवघड! तिने चूल ओट्यावर चढवली. सिद्धूने बाजेच्या पायांखाली विटा घातल्या.

थोरल्या मुलाच्या, कृष्णाताच्या लग्नात पंगत बसली, तेव्हा ती जोंधळ्याच्या पोत्यावर बसून जेवू लागली. नवरीची मावशी रंगूबाई मोठ्याने म्हणाली, "आमी समदी भुईवर, आन् वरमाय शिंव्हासनावर!"

"शिंव्हासन न्हवं, जुंधळं हायती," धोंडुबाई म्हणाली. "खाली बसले आन् सांदा निसटला, तर तुमच्या पोरीलाच मला उचलावं लागंल. बगा, चालतंय का?"

पंगत हसली. रंगूबाईने उठून तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मुख्य म्हणजे, धोंडुबाई दर वर्षी मिरजेला आली. वडूजहून एसटीने रहिमतपूर, तिथून आगगाडी. गेल्या महिन्यात, म्हणजे १९७९ साली, डॉक्टरांनी आठही फोटो ओळीने लावले. पहिल्यात भरीचे तुकडे वेगळे दिसत होते. चौथ्यात त्यांच्या कडा मिटल्या होत्या. आठव्यात भर कुठली आणि मूळ हाड कुठले, हे डॉक्टरांनाही बोटाने दाखवता येईना. माझी वाटी मात्र वर्षाला केसभर झिजते आहे. मी आणखी किती टिकेन, हे मलाही ठाऊक नाही. पण मी ढिला होऊ लागलो, तर हाड जाण्याआधी ते फोटोत कळेल.

त्या दिवशी धोंडुबाई एकटी आली नव्हती. शेजारच्या वाडीतल्या भामाबाईला तिने ओढून आणले होते. भामाबाईच्या खुब्यातही तीन वर्षांपूर्वी गोळा बसवलेला, आणि फोटो एकदाही काढलेला नव्हता.

"मला कुटं दुकतंय? धा शेरडं राकते मी," ती घरून निघताना कुरकुरत होती.

"मलाबी दुकत नव्हतं, भामे. ऊट. न दुकताच जायाचं असतंय."

भामाबाईच्या फोटोत गोळ्याच्या दांड्याशेजारी, तो ढिला होऊ लागल्याची, एक बारीक काळी रेघ निघाली. त्या रेघेवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत, धोंडुबाई. हिचं हाड अजून शाबूत आहे."

उजव्या हातात काठी घेऊन धोंडुबाई उठली, तेव्हा तिचा सारा भार क्षणभर माझ्यावर आला. मी तो पेलला.

मित्रांनो, आम्हा सांध्यांना हाक मारता येत नाही. तुमच्या घरी कोणाच्या खुब्यात आमच्यापैकी कोणी राहत असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका. वर्षातून एकदा आम्हाला उजेडाला धरा.