कपलरवरची गाठ

पक्कड लावून बिरदेवने दुसऱ्यांदा जोर केला, तरी टेललाइटच्या वायरी जोडणारा कपलर जागचा हलला नाही. जुन्या पिकअपच्या मागच्या बाजूला, गाडीखाली पोतं टाकून तो उताणा पडला होता. कपलरवर काळी टेप होती आणि टेपेच्या कडेने बाहेर आलेला गम दगडासारखा वाळला होता.

"कुण्या गाढवानं आत गम ओतलाय, आप्पा," तो खालूनच ओरडला. "असल्यानं औतालाबी हात लावू नये."

राहू गावचे साहेबराव चाकाशेजारी उकिडवे बसले होते.

"गाढव कुठलं? तुझा गुरू. सात वर्सं गाडी म्हस्कूकडंच हुती."

बिरदेवने पक्कड पोत्यावर ठेवली. यवतचं म्हस्कूमामांचं गॅरेज सोडून त्याने कासुर्डीत स्वतःचं सुरू केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. साहेबराव त्याच्याकडे येऊ लागले ते मामांशी भांडण झाल्यावर.

"शिरूरला कांदा घिऊन चाललो हुतो," साहेबराव सांगू लागले. "अंधारात मागचं दिवं गेलं आन् मोटारसायकलवाला येऊन आदळला. त्ये मोटारसायकलवालं पोरगं तीन म्हैनं अंथरुणात. मग म्हस्कूला भर बाजारात बोललो, ते उगंच व्हय?"

बिरदेवने ब्लेडने टेप उभी चिरली. खाली सुतळी होती. दोन वेढे, आणि शेपटी उलटी फिरवून फासातून परत घेतलेली.

त्याचा हात थांबला.

मामा जेजुरीला गेले होते, त्या दिवशीचं काम. लॉक न दाबताच त्याने कपलर ओढला होता आणि लॉकचा कान तुटला होता. मामा येण्याआधी गम, सुतळी, टेप. नंतर तो ते विसरूनही गेला. मेंढरं राखणाऱ्या बापाकडून शिकलेली ही गाठ तो सगळीकडेच मारायचा. मामा हसायचे, "आरं, वायर हाय ती, कोकरू न्हाई पळून जायला."

"आप्पा," त्याने विचारलं, "अपघातानंतर मामांनी हे उघडून बघितलं हुतं का?"

"बघितलं की. टेप काढली आन् लई येळ नुसता बघत बसला. मग नवी टेप गुंडाळली, वरनं दुसरी वायर जोडून दिली. म्हणाला, माझ्या गॅरेजात झालंय, चूक माझी."

"आणखी काय म्हणाले?"

"काय म्हणणार? मी शिव्या देत हुतो, त्यो खाली मान घालून उभा."

ब्लेड अजून बिरदेवच्या बोटांत होतं. सुतळीवर एकदा फिरवलं असतं, तर दोन तुकडे पोत्यावर पडले असते आणि पोतं झटकलं की संपलं असतं. वर साहेबराव खोकले. महामार्गावरून एक ट्रक गेला आणि पिकअपचा पत्रा थरथरला.

त्याने ब्लेड बाजूला ठेवलं.

"आप्पा, जरा खाली वाका. ही बॅटरी धरा."

गुडघ्यावर हात टेकत साहेबराव वाकले.

"सुतळी हाय. मग?"

"गाठ बघा. कोकराला घालायची हाय ती. आमच्या घरातली."

साहेबराव गाठीकडे बघत राहिले. मग बॅटरीचा उजेड हळूहळू सरकला आणि बिरदेवच्या तोंडावर येऊन थांबला. त्याने मान वळवली नाही.