सल्लागाराचा खोडरबर

मी एक जुना, कडक झालेला खोडरबर आहे. कारखान्यात मी मऊ आणि पांढराशुभ्र होतो. वाटले होते, एखाद्या मुलाच्या दप्तरात जाईन. पण नशीब फुटके! मी गेलो प्रांताच्या मुख्यमंत्र्यांच्या सल्लागाराच्या टेबलावर.

मित्रांनो, हा माणूस पूर्वी पुढाऱ्यांची भाषणे लिहायचा. गोड बोलून वर चढला. तीन मुख्यमंत्री आले नि गेले, हा खुर्चीला चिकटूनच. त्याची एक रीत होती. फायलीच्या समासात तो सल्ला पेन्सिलीने लिही. सल्ला फळला की वरून शाई फिरवी. फसला की मला उचली. त्याचे खोटेपण खोडता खोडता मी किती झिजलो! सगळे म्हणत, "साहेबांचा सल्ला कधी चुकत नाही." ते ऐकून माझा जीव जळे.

पुढे त्याला जाब विचारणारेच कोणी उरले नाही. खोडायची गरज संपली. त्याने मला खिडकीत फेकले. उन्हात मी वर्षानुवर्षे वाळलो.

मग एका नव्या शाळेचे छत कोसळले. मुले मैदानात होती म्हणून वाचली. पहारेकऱ्याचा पाय मात्र मोडला. फायलीत अभियंत्याने आधीच लिहिले होते, 'मुलांना आत बसवू नका.' शेजारी समासात आमच्या सल्लागाराचे पेन्सिलीतले अक्षर होते : 'उद्घाटन उरका. तपासणी नंतर.'

चौकशी लागली. त्याने फाईल सांभाळणाऱ्या बाईंना बोलावले.

"ताई, अभियंत्याचा कागद मला दाखवायचा राहिला, असं लिहून द्या."

"माझी नोकरी जाईल, साहेब. आणि कागदावर तुमचं अक्षर आहे की!"

"कुठंय?" असे म्हणत त्याने मला उचलले आणि खसाखसा घासले.

मी दगड झालो होतो. काळा फराटा उठला, कागद टरकन फाटला. 'तपासणी नंतर' तसेच राहिले.

बाईंनी फाईल ओढून घेतली. "आता हे भोक कुणी पाडलं, तेही मीच लिहून देऊ का?"

त्या तडक चौकशीच्या खोलीत गेल्या. त्यांची नोकरी राहिली, त्याची खुर्ची गेली. जाताना त्याने मला कचऱ्याच्या टोपलीत भिरकावले.

मित्रांनो, तुम्ही आपल्या खोडरबराला जपा. गणित चुकले तर तो लागतो. पण त्या माणसाने मला जपले नाही, हे फार फार बरे झाले.