सव्वा मुठीतली पाव

एक मूठ, वर पाव. सासरे, जीवराम.

एक मूठ, वर पाव. दीर, झुलाल.

तिसरी

इथे मंजुळाबाईचा हात थांबला.

(श्रावणातला रविवार, एकोणीसशे त्रेपन्न. धरणगावापासून दोन कोसांवरचं गाव. पाटावर कानबाई देवी, म्हणजे नथ घातलेला नारळ. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी, जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव मोठ्याने घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे. सकाळी नवी विहीर खचली होती. मंजुळाचा नवरा भिकन मातीखाली होता. तीन शेतं पलीकडे पुरुष माती उपसत होते.)

"मरेलनी मूठ नही काढतस," सासू भिंतीकडे बघत म्हणाली.

"जित्ता शे तो, आत्या."

"मंग नाव ले."

आठ वर्षांत मंजुळाने ते नाव कधी घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. मुठीतले गहू घामाने भिजले.

आम्ही तिघी मैत्रिणी शेजारी होतो. वच्छलाबाई, लताबाई, मी. वच्छला सरकून तिला चिकटली. "आपण बठ्ठ्या मिळून घेऊ. तुझा आवाज आमच्यात लपंल. कानबाईशिवाय कोणाला कळतंय? आणि ती काय चुगली करती?"

मंजुळा हसली. रडतच.

चौघींनी हात धरले. माय, आता तूच. मग एकदम—

भिकन!

मूठ ताटात पडली. वरची पाव काढायची, तोच शेताकडून आरोळी आली. आम्ही धावलो. सासूसुद्धा. दाराला कडी मीच लावली.

जिवंत होता.

डोळ्यांत माती, ओठांवर माती. मंजुळाने पदराने त्याचं तोंड पुसलं. तो म्हणाला, "पाचजणी कशाला वरडत होत्या? मी ऐकत होतो ना."

"चौघी," लता म्हणाली.

"पाच. एक तर पार कानाशी होती."

आम्ही सासूकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिने तोंडच उघडलं नव्हतं.

घरी आलो. कडी तशीच. मंजुळा राहिलेली पाव मूठ घालायला ताटाशी वाकली आणि तशीच राहिली.

तिसऱ्या ढिगावर पाव मूठ गहू होते. ओले. विहिरीच्या तळाच्या पिवळ्या मातीने माखलेले.

सासू म्हणाली, "धुऊ नको. तसंच दळ."

कानबाईचा रोट परक्याने खायचा नसतो, म्हणून आम्ही तिघी उंबऱ्यातच बसलो. आतून भिकनच्या दातांखालची कचकच ऐकू येत होती. तो शेवटपर्यंत थुंकला नाही.